लघवीच्या इन्फेक्शनचं अँटिबायोटिक शरीरातून किती वेळात जातं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेवटची गोळी घेऊन झाली की बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न येतो: आता हे औषध अंगातून जाणार कधी? कुणाला मळमळ थांबायला हवी असते, कुणाला पुढची तपासणी करायची असते, कुणी बाळाला अंगावर पाजत असतं. कुणाला नुसतीच धास्ती असते की औषध आत साठून तर राहणार नाही ना. खालची उत्तरं मूत्राशयाच्या संसर्गासाठी तोंडाने घेतल्या जाणाऱ्या नेहमीच्या औषधांबद्दल आहेत. आकडे किडनी नीट काम करत असलेल्या प्रौढ माणसाचे आहेत. किडनीचा त्रास असेल तर ते बदलतात, आणि त्यासाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

एका वाक्यात सांगा, किती वेळ लागतो?

बहुतेक औषधं शेवटच्या डोसनंतर काही तासांत ते दोन दिवसांत रक्तातून जवळजवळ पूर्ण निघून जातात. फॉस्फोमायसिन लघवीत मात्र त्याहून जास्त, दोन-तीन दिवस टिकून राहतं, आणि ते तसं टिकणंच आपल्याला हवं असतं.

डॉक्टर ‘हाफ-लाइफ’ म्हणतात ते काय असतं?

रक्तातलं औषध निम्म्यावर यायला जेवढा वेळ लागतो तो त्या औषधाचा हाफ-लाइफ. सेफॅलेक्सिनचं उदाहरण घ्या. त्याचा हाफ-लाइफ साधारण एक तास. सकाळी दहा वाजता रक्तातलं प्रमाण सर्वांत जास्त होतं असं धरू आणि त्याला 100 म्हणू. अकराला ते 50 होईल, बाराला 25, एकला साडेबारा, दोनला सहाच्या आसपास आणि तीनला जेमतेम तीन. म्हणजे पाच हाफ-लाइफ उलटले की सुमारे 97 टक्के औषध गेलेलं असतं. ‘औषध शरीरातून गेलं’ असं म्हणताना डॉक्टर आणि औषधतज्ज्ञ बहुधा हाच पाच हाफ-लाइफचा हिशेब धरतात.

गोळी 250 मिलिग्रॅमची असो वा 500 ची, हा हिशेब फारसा बदलत नाही. दुप्पट डोस घेतला तर औषध जायला दुप्पट वेळ लागत नाही, फक्त एक हाफ-लाइफ जास्त लागतो.

कोणतं औषध किती वेळात जातं?

नायट्रोफ्युरँटॉइन सर्वांत चपळ. त्याचा हाफ-लाइफ वीस मिनिटांपासून एका तासापर्यंत असतो. रक्तात ते इतकं कमी आणि इतका थोडा वेळ असतं की बाकीच्या अवयवांपर्यंत उपयोगी मात्रा पोचतच नाही. लघवीत मात्र ते भरपूर उतरतं.

अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलेक्सिन या दोघांचा हाफ-लाइफ तासाभराचा. सेफॅलेक्सिनचा 90 टक्क्यांहून अधिक भाग आठ तासांत जसाच्या तसा लघवीत येतो, अमॉक्सिसिलिनचा सुमारे 60 टक्के भाग सहा ते आठ तासांत. सेफिक्सिमला थोडा जास्त वेळ लागतो. त्याचा हाफ-लाइफ तीन ते चार तासांचा, म्हणून ते दिवसातून एक-दोनदा घेऊन भागतं.

सिप्रोफ्लॉक्सासिनचा हाफ-लाइफ सुमारे चार तास, म्हणजे रक्त मोकळं व्हायला जवळपास एक दिवस. लिव्होफ्लॉक्सासिनचा सहा ते आठ तास, म्हणजे दीड दिवस किंवा जरा जास्त. तोंडाने घेतलेल्या लिव्होफ्लॉक्सासिनचा सुमारे 87 टक्के भाग 48 तासांत लघवीवाटे न बदलता बाहेर पडतो.

कोट्रायमॉक्साझोल ही दोन औषधांची जोडगोळी आहे: ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल. दोघांचा हाफ-लाइफ आठ ते दहा तासांच्या घरात असल्यामुळे ती एकमेकांच्या सोबतीने चालतात. पूर्ण जायला सुमारे दोन दिवस.

फॉस्फोमायसिन 3 ग्रॅमच्या एकाच डोसमध्ये, पाण्यात विरघळवून घेतात. रक्तातला हाफ-लाइफ पावणेसहा तासांच्या आसपास, पण डोसचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग लघवीत येतो आणि तिथे दोन दिवस किंवा अधिक काळ जंतूंना पुरून उरेल इतका राहतो. झोपण्यापूर्वी लघवीला जाऊन आल्यावर ते घ्यायला सांगतात, कारण मग रात्रभर औषध मूत्राशयात साचून राहतं.

रक्तातून इतक्या लवकर निघून जातं, मग ते काम करतं तरी कधी?

या सगळ्या प्रश्नांमधला हा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबू.

घसा बसला किंवा फुप्फुसात संसर्ग झाला तर औषध रक्तातून त्या जागी पोचावं लागतं. किडनी ते बाहेर टाकते तेव्हा ते आपल्या हातचं गेलं, असा हिशेब असतो. मूत्राशयाच्या संसर्गात हे उलटं आहे. जंतू लघवीत आणि मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर बसलेले असतात. किडनी रक्तातलं औषध गाळून लघवीत टाकते आणि नेमकं तिथेच त्याची गरज असते. औषधाचा शरीराबाहेर जाण्याचा रस्ताच संसर्गाच्या जागेतून जातो.

त्यामुळे लघवीतलं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त होतं. फॉस्फोमायसिन घेतल्यावर पहिल्या काही तासांत लघवीच्या दर मिलिलिटरमध्ये शेकडो मायक्रोग्रॅम औषध सापडतं, रक्तात ते त्या मानाने अगदी थोडं असतं. म्हणूनच ‘औषध लवकर बाहेर काढायचंय, काय करू?’ असं कुणी उपचार चालू असताना विचारलं, तर आधी हे सांगावंसं वाटतं की ते बाहेर पडतंय तेव्हाच तुमचं काम करतंय. त्याला घाईने हुसकावून लावण्यात तुमचाच तोटा आहे.

किडनीच्या या चपळाईचा त्रास पेनिसिलिनच्या सुरुवातीच्या काळात फार झाला. 1941 साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन दिलं गेलं. औषध इतकं थोडं होतं आणि इतक्या वेगाने लघवीतून जात होतं, की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा त्यालाच टोचलं गेलं. त्याची प्रकृती सुधारत होती, पण साठा संपला आणि तो वाचला नाही. जी गोष्ट तेव्हा डॉक्टरांच्या जिवावर आली, तिचाच लघवीच्या संसर्गात आज आपल्याला फायदा होतो.

भरपूर पाणी प्यायलं तर औषध लवकर निघून जाईल का?

फारसा फरक पडत नाही. किडनी औषध किती वेगाने गाळते हे मुख्यतः रक्तातल्या प्रमाणावर आणि किडनीच्या स्वतःच्या क्षमतेवर ठरतं. पाणी वाढवलं की लघवी पातळ होते आणि वारंवार होते. औषध तेवढंच, पाणी जास्त.

तहान भागेल आणि लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी पीत राहा. जळजळीमुळे पाणी तोडू नका, पण तांब्यावर तांबे रिचवायचीही गरज नाही. ज्या स्त्रियांना पुन्हा पुन्हा संसर्ग होतो आणि ज्या मुळात कमी पाणी पितात, त्यांच्यासाठी पाण्याचं महत्त्व वेगळं आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर वर्षभरात त्यांना झालेल्या संसर्गांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. पण ती गोष्ट संसर्ग टाळण्याची आहे. औषध बाहेर काढण्याशी तिचा संबंध नाही.

औषध जर दोन दिवसांत जातं, तर जळजळ अजून का आहे?

जंतू मेले तरी सुजलेलं अस्तर लगेच पूर्ववत होत नाही. बहुतेकांना 24 ते 48 तासांत स्पष्ट उतार पडतो. थोडी चुरचुर किंवा वारंवार जावंसं वाटणं आणखी काही दिवस राहू शकतं. फॉस्फोमायसिन एकदाच घ्यायचं असल्यामुळे लोक दुसऱ्याच दिवशी घाबरतात आणि दुसरं पाकीट फोडतात. तसं करू नका. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर औषध लघवीत असतंच.

48 ते 72 तासांत काहीच फरक नसेल, तर बहुधा जंतू त्या औषधाला दाद देत नसतो किंवा दुखणं वेगळंच असतं. तेव्हा लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते पाहणारी तपासणी, करून घ्यावं लागतं.

बरं वाटल्यावर गोळ्या मध्येच थांबवल्या तर?

इथे तासांचा हिशेब खरोखर डोळ्यांपुढे आणावा. सकाळी शेवटची गोळी घेतली आणि ‘आता ठीक आहे’ म्हणून थांबलात, तर सेफॅलेक्सिनसारखं औषध संध्याकाळपर्यंत रक्तातून गेलेलं असतं. मागे राहिलेल्या जंतूंना त्यानंतर कुणी अडवणारं नसतं. लघवीच्या संसर्गाला बहुतेक वेळा ई. कोलाय हा जंतू कारणीभूत असतो, आणि सगळं मनासारखं मिळालं तर तो वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतो.

तसे आता हे कोर्स मुळातच छोटे असतात. स्त्रियांच्या साध्या मूत्राशय-संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन बहुधा पाच दिवस, कोट्रायमॉक्साझोल तीन दिवस, फॉस्फोमायसिन एकदा. पुरुषांना बरेचदा सात दिवस लागतात, आणि प्रोस्टेटमध्ये संसर्ग असेल तर त्याहून कितीतरी जास्त. इतके दिवस आधीच मोजूनमापून ठेवलेले आहेत, त्यात आपल्या अंदाजाने काटछाट करायला जागा उरत नाही. औषध सोसत नसेल तर थांबवण्याआधी डॉक्टरांना फोन करा, ते दुसरं देऊ शकतात. अंगावर गांधी उठल्या, तोंड-ओठ सुजले किंवा श्वास लागला तर मात्र पुढचा डोस घेऊ नका आणि थेट दवाखाना गाठा.

एक डोस विसरला. दोन एकदम घेऊ का?

नको. आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर विसरलेला सोडून द्या आणि नेहमीच्या वेळेला पुढचा घ्या.

अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन यांच्या बाबतीत वेळा पाळणं जास्त महत्त्वाचं. ही औषधं जंतूंना किती जोरात मारतात यापेक्षा किती वेळ गाठून ठेवतात यावर त्यांचा गुण अवलंबून असतो. हाफ-लाइफ तासाभराचा असताना मध्ये बारा तासांची फट पडली, तर त्यातला बराच वेळ मोकळा जातो.

लघवीचा रंग बदललाय. औषध साठलंय का?

नायट्रोफ्युरँटॉइनने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते. घाबरण्यासारखं काही नाही. औषध आणि त्यापासून तयार झालेले पदार्थ बाहेर पडत असल्याची ती खूण आहे. रात्री नऊला शेवटची गोळी घेतली तर मध्यरात्रीनंतर रक्तात तिचं फारसं काही उरत नाही, पण रात्रभर साचलेली सकाळची पहिली लघवी तपकिरी दिसू शकते. एक-दोन दिवसांत रंग निवळतो. जळजळ कमी करण्यासाठी फेनाझोपायरिडिन दिलं असेल तर लघवी केशरी होते आणि कपड्यांवर डाग पडतात.

रंग लालसर असेल, रक्ताच्या गुठळ्या दिसत असतील, किंवा डोळे पिवळे वाटत असतील, तर ते औषधावर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा.

किडनी कमजोर असेल तर काय बदलतं?

जवळजवळ सगळंच. दार अरुंद झालं की औषध आत जास्त वेळ राहतं. तीव्र किडनी विकारात सेफिक्सिमचा तीन-चार तासांचा हाफ-लाइफ अकरा तासांपुढे जाऊ शकतो. कोट्रायमॉक्साझोल आणि लिव्होफ्लॉक्सासिनही लांबतात. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) पाहून डोस कमी करतात किंवा दोन डोसमधलं अंतर वाढवतात.

नायट्रोफ्युरँटॉइनची अडचण दुहेरी आहे. किडनी ते गाळत नसेल तर लघवीत पुरेसं उतरत नाही, म्हणजे गुण येत नाही. आणि रक्तात वाढलं तर हातापायांच्या नसांना त्रास होण्याचा धोका वाढतो. ईजीएफआर 30 च्या खाली असेल तर ते सहसा देतच नाहीत आणि 30 ते 45 च्या दरम्यान फार जपून, थोड्या दिवसांसाठी देतात.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. ट्रायमेथोप्रिम घेताना रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, कारण हे औषध क्रिएटिनिनचा लघवीत जाण्याचा एक मार्ग अडवतं. प्रत्येक वेळी किडनी बिघडलीय असा त्याचा अर्थ नसतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. याच औषधाने पोटॅशियमही वाढतं. वयस्कर माणसं आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणारे यांच्यात ते धोकादायक ठरू शकतं, म्हणून तिथे रक्त तपासावं लागतं.

वयस्कर आई-वडिलांसाठी वेगळं काही?

वयाबरोबर किडनीची गाळण्याची शक्ती हळूहळू कमी होते. अंग बारीक असेल तर क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसूनही किडनी अर्ध्या ताकदीने चालत असू शकते. त्यामुळे ईजीएफआर विचारा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर कोट्रायमॉक्साझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दोन्ही त्याचा परिणाम वाढवतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. हे सांगायचं कधीही राहू देऊ नका.

औषध गेलं, पण दुष्परिणाम राहिले, असं होतं का?

होतं. रक्तात औषध नाही म्हणजे त्याचे परिणामही संपले, असं धरून चालू नका.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटात स्नायूबंध दुखावण्याचा, विशेषतः टाचेमागचा जाड स्नायूबंध तुटण्याचा, दुर्मीळ पण खरा धोका आहे. औषध बंद केल्यावर काही महिन्यांनीही तो दिसू शकतो. याच गटाने नसांवर आणि मनःस्थितीवर परिणाम झाल्याच्याही नोंदी आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने 2016 मध्ये सांगितलं की साध्या लघवीच्या संसर्गात दुसरा पर्याय असेल तर ही औषधं वापरू नयेत. माझं स्पष्ट मत असं की साध्या जळजळीला पहिल्याच फटक्यात या गटातली गोळी मिळाली, तर ‘दुसरं काही चालेल का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारावं. त्यात संकोच कसला?

आतड्यातले उपयोगी जंतू सावरायला आठवडे, कधी महिनेही लागतात. कोर्स संपल्यावर पुढच्या काही आठवड्यांत पाण्यासारखे जुलाब वारंवार होऊ लागले, पोटात कळा आणि ताप असेल, तर तो क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचा संसर्ग असू शकतो. जुलाब थांबवणारी गोळी घरच्या घरी घेऊ नका. योनीमार्गात खाज आणि दह्यासारखा स्राव हा बुरशीचा संसर्गही याच सुमारास होतो. त्यावर साधे उपचार आहेत.

दूध, अँटासिड, कॉफी यांचं काय?

सिप्रोफ्लॉक्सासिन दुधातल्या कॅल्शियमशी, लोहाच्या गोळ्यांशी आणि अँटासिडशी बांधलं जातं आणि रक्तात नीट शोषलंच जात नाही. अँटासिड किंवा लोह घ्यायचं असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. नायट्रोफ्युरँटॉइन मात्र जेवणाबरोबर घ्यायचं, त्याने ते जास्त शोषलं जातं आणि मळमळही कमी होते.

कॉफीची गंमत वेगळी आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन यकृताचं कॅफिन मोडण्याचं काम मंदावतं. नेहमीचीच कॉफी अंगात जास्त वेळ राहते, छाती धडधडते, झोप उडते आणि लोक म्हणतात औषध गरम पडलं.

जळजळीसाठी लघवी अल्कधर्मी करणारं सिरप बरेच जण सोबत घेतात. नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत जास्त प्रभावी असतं, त्यामुळे ही दोन एकत्र घेऊ नयेत.

दारू कधी घेता येईल?

या यादीतल्या बहुतेक औषधांशी दारूचा थेट झगडा नाही. पण दारू मूत्राशयाला चेतवते, मळमळ वाढवते. कोर्स संपून त्रास पूर्ण जाईपर्यंत टाळलेली बरी.

गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात का?

लघवीच्या संसर्गाच्या नेहमीच्या अँटिबायोटिक्सने होत नाहीत. औषधाने उलट्या किंवा जोराचे जुलाब झाले, तर गर्भनिरोधक गोळी शोषली न जाण्याची शक्यता असते. त्या काळात दुसरी काळजी घ्या.

बाळाला अंगावर पाजत असताना?

सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन दुधात फार थोडी उतरतात आणि सहसा पाजणं थांबवावं लागत नाही. नायट्रोफ्युरँटॉइनही दुधात कमीच येतं, पण बाळ महिन्याच्या आतलं असेल किंवा त्याला जी6पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर ते टाळतात, कारण त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. याच कारणाने गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांतही हे औषध देत नाहीत. गरोदर असाल तर अगदी किरकोळ वाटणारा लघवीचा संसर्गही अंगावर काढू नका.

कोणती लक्षणं दिसली तर कोर्स संपायची वाट पाहू नये?

थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला पाठीत दुखणं, उलट्यांमुळे गोळी पोटात न टिकणं, लघवी अडणं, अचानक गोंधळल्यासारखं होणं. संसर्ग किडनीपर्यंत चढल्याच्या या खुणा असू शकतात. अशा वेळी नायट्रोफ्युरँटॉइन किंवा तोंडाने घेतलेलं फॉस्फोमायसिन पुरे पडत नाही. ती औषधं लघवीत भरपूर असली तरी किडनीच्या मांसल भागात आणि रक्तात पुरेशी पोचत नाहीत. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तपासणी किंवा लस घ्यायची आहे. किती दिवस थांबू?

लघवीचं कल्चर शक्य तर पहिल्या गोळीच्या आधीच द्यावं. एक-दोन डोस पोटात गेले तरी जंतू वाढत नाहीत आणि रिपोर्ट उगाच स्वच्छ येतो. बरं वाटत असेल तर कोर्सनंतर पुन्हा कल्चर करायची सहसा गरज नसते. गरोदर स्त्रियांत ते करतात, आणि बहुधा कोर्स संपल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी.

पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल तर अँटिबायोटिक थांबवून चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. औषध केव्हाच गेलेलं असतं, पण दबलेले जंतू पुन्हा सापडण्याइतके वाढायला तेवढा वेळ लागतो. टायफॉइडची तोंडाने घ्यायची जिवंत लस शेवटच्या डोसनंतर तीन दिवसांनी घ्यावी, नाहीतर लसीतले जंतूच मरतात. नोकरीसाठी लघवीतून अमली पदार्थांची चाचणी असेल तर लिव्होफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन घेतल्याचं आधीच सांगा. प्राथमिक चाचणीत ती कधीकधी अफूजन्य पदार्थांसारखी दिसतात, पक्क्या चाचणीत फरक कळतो. आणि जुनाट खोकल्यासाठी क्षयाची तपासणी चालू असेल, तर याच गटातली औषधं क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबून ठेवतात आणि निदान लांबतं. म्हणून लघवीसाठी गोळी लिहून घेतानाच खोकल्याचं डॉक्टरांच्या कानावर घाला.